आण्णांच्या डोक्यातलं पाणी

“अहो, या की इकडं. घाबरू नका, मी हाय न्हवं हितं,” कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून मावशी म्हणाली, आणि आण्णांनी पाऊल उचललं.

उचललं, हे महत्त्वाचं. आदल्या दिवशी मिरजेच्या त्या दवाखान्यात याच कॉरिडॉरमध्ये त्यांचे पाय फरशीवरून सुटत नव्हते. ओल्या डांबरातून चालावं तसे ते चालायचे, आणि वळायचं म्हटलं की जागच्या जागी इतकी चिमुकली पावलं टाकायचे की बघणाऱ्याचाच जीव दमून जावा. मग डॉक्टर चौगुल्यांनी पाठीच्या मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढून घेतलं, अगदी नितळ, आणि म्हणाले, उद्या पुन्हा चालवून बघू. आता आण्णा चालत होते. हळू, थोडे वाकून, पण चालत होते. मावशीपर्यंत पोचले, तिचा हात धरला आणि म्हणाले, “इंदू, चहा मिळंल काय गं हितं?”

“काकू, काका तर पळायला लागले की!” डॉक्टर हसून मावशीला म्हणाले.

मावशी लाजली. साठीची बाई नव्या नवरीसारखी लाजली. मी शेजारीच उभी होते, आणि मी डॉक्टरांना काही बोलले नाही, कारण त्यांची चूक नव्हतीच. आमच्या घरातच तसं चाललं होतं. इंदू म्हणजे माझी आई. ती श्रावणात गेली होती. आण्णांनी जिचा हात धरला होता ती आईची धाकटी बहीण, शालन मावशी.

डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बसवलं आणि स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. मेंदूच्या मधोमध दोन मोठ्या काळ्या पोकळ्या दिसत होत्या.

“या पोकळ्या सगळ्यांनाच असतात, पण एवढ्या फुगलेल्या नसतात,” ते म्हणाले. “इथं पाणी तयार होतं, मेंदूभोवती फिरतं आणि शेवटी रक्तात जिरतं. रोज नवं पाणी, रोज जिरणं. काकांचं पाणी तयार होतंय तेवढंच, पण नीट जिरत नाही. हळूहळू साठत गेलंय. त्याच्या दाबानं आजूबाजूचे धागे ताणले गेलेत. म्हणून चालणं गेलं, लघवीवरचा ताबा गेला, आठवण गेली. आपण म्हातारपण समजत बसतो.”

आण्णा इतका वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत होते. मान वर न करता ते म्हणाले, “आवक चालू, जावक बंद. सांडवा काढा की.”

डॉक्टर बघतच राहिले. मी सांगितलं, आण्णांचा सगळा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. कुठल्या फाट्याला कधी पाणी सोडायचं, कुठलं दार किती उचलायचं, याशिवाय त्यांनी दुसरं काही केलं नाही. बायको मेल्याचं त्यांच्या डोक्यात राहत नव्हतं, पण हे राहिलं होतं. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं.

“काका, सांडवाच काढायचाय,” डॉक्टर म्हणाले. “डोक्याच्या पोकळीत एक बारीक नळी. ती कातडीखालून मानेतून, छातीवरून खाली पोटात सोडायची. जादा पाणी पोटात जाईल आणि तिथं जिरून जाईल. कानामागं एक छोटी झडप बसवायची. पाणी किती जाऊ द्यायचं ते ती ठरवणार. आणि पुढं कमीजास्त करायचं झालं तर पुन्हा कापाकापी नाही, बाहेरून चुंबकानं फिरवता येते.”

“आणि आठवण?” मावशीनं विचारलं.

“चालणं बहुतेक सुधारेल, काकू. आजच दिसलं की. आठवणीचं मात्र मी वचन देत नाही. कुणाची येते, कुणाची थोडीफार येते, कुणाची येतच नाही.”

मावशीनं मान हलवली आणि आण्णांच्या हातातला पेपरवेट हळूच काढून जागेवर ठेवला. तिच्या मनात काय चाललं होतं याचा मी तेव्हा विचारसुद्धा केला नाही. मी एकुलती एक लेक, सांगलीला शाळेत नोकरी, घर, पोरं, आणि शनिवार-रविवार गावी धावपळ. मला माझे आण्णा परत हवे होते. बाकी मला काही दिसत नव्हतं.

आई गेली तेव्हा अग्नी आण्णांनीच दिला. दोघांनी दोन्हीकडून धरून त्यांना चितेभोवती फिरवलं. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “इंदू कुठाय?” मी सांगितलं. ते धाय मोकलून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, आणि ते पुन्हा तेवढेच रडले. माणसाला आपल्या बायकोच्या मरणाची बातमी रोज पहिल्यांदा कळावी, याहून वाईट शिक्षा मी पाहिलेली नाही. दहावा झाल्यावर मी सांगायचं सोडून दिलं. “आई माहेरी गेलीय,” म्हणायला लागले. आण्णा हुश्श करायचे. माहेरी गेलेली बाई परत येते.

मावशी मातीला आली होती ती तेराव्यापर्यंत राहिली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा विहिरीत पडून गेला होता, आणि तेव्हापासून ती गडहिंग्लजकडं भावाच्या घरी भावजयीच्या हाताखाली होती. तेरावं आटोपलं, ती पिशवी घेऊन उंबऱ्यात आली आणि आण्णांनी तिला पाहिलं. आईचाच बांधा, आईचाच आवाज.

“आलीस काय गं?” आण्णा म्हणाले. “किती दिवस माहेरात बसायचं ते? हितं माझं काय हाल झाल्यात बघ.”

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं पिशवी खाली ठेवली.

सुरुवातीला ती त्यांना जन्मभराच्या सवयीनं भाऊजीच म्हणायची. “भाऊजी, जेवा.” आण्णा ताटावरून उठायचे, घाबरेघुबरे व्हायचे. “भाऊजी काय म्हणतीस गं? माझं काय चुकलं काय?” जेवायचेच नाहीत. असं दोनचारदा झालं आणि एका दुपारी मी परसात कपडे वाळत घालत असताना आतून मावशीचा आवाज आला, चाचरत, पहिल्यांदाच काही तरी उचलून बघावं तसा, “अहो... जेवा की.” आणि आण्णा जेवले.

त्या वर्षी आमच्याकडं दिवाळी नव्हतीच. ना कंदील, ना फराळ. पण शेजारची पोरं फटाके उडवत होती आणि आण्णांना ते ऐकू येत होतं. पाडव्याच्या सकाळी त्यांनी स्वतःच आंघोळीचं पाणी मागितलं, धुतलेला सदरा मागितला, पाट स्वतः ओढून मांडला आणि त्यावर जाऊन बसले.

“अहो, उठा की. गार लागंल,” मावशी म्हणाली.

“ओवाळल्याबिगर कसा उठू? पाडवा हाय न्हवं?”

“आण्णा, यंदा करायचं नाही,” मी म्हणाले.

“का? कोण मेलंय काय?”

पाडव्याला नवऱ्याला बायकोनं ओवाळायचं असतं. विधवा बाईनं कुणाला ओवाळायचं नाही, आणि मेहुण्याला पाडव्याला ओवाळायचं, हे तर बोलायचीही सोय नाही. आण्णा पाटावर बसून राहिले. पाय दुमडेनात, तरी बसून राहिले. बऱ्याच वेळानं मावशी आत गेली आणि निरांजन लावून ताट घेऊन आली.

“आणि कपाळ मोकळं ठेवून आलीस?” आण्णा म्हणाले. “म्हातारी झालीस म्हणून काय विसरायचं?”

मी देवघरातला आईचा करंडा आणला आणि मावशीपुढं धरला. तिनं बोट बुडवलं, माझ्याकडं न बघता कपाळाला लावलं आणि आण्णांना ओवाळलं. त्यांनी ताटात नोट टाकली. “साडी घे बरं का चांगली,” म्हणाले. मावशी स्वयंपाकघरात गेली आणि चुलीकडं तोंड करून उभी राहिली. ती रडत असेल म्हणून मी गेले. ती रडत नव्हती.

ऑपरेशन मार्गशीर्षात झालं. नीट पार पडलं. डोकं भादरलेलं, कानामागं टाके, पोटावर टाके, असे आण्णा घरी आले आणि महिन्याभरात कालव्यापर्यंत चालत जाऊन यायला लागले. रात्रीचं अंथरूण कोरडं राहायला लागलं. गावातली माणसं दारात येऊन बघून जायची. मी तर हवेतच होते.

मी शनिवारी जायची तेव्हा त्या घराचं रूपच बदललेलं दिसायचं. परसात मावशीनं वांगी-मिरच्या लावल्या होत्या. भांड्यांची मांडणी तिनं स्वतःला हवी तशी केली होती. आईच्या वेळची नव्हे, भावजयीची तर नव्हेच, तिची. आण्णा आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरायचे आणि ती फणकारायची, “मग उद्यापास्नं तुम्हीच करा की!” नवऱ्यानं कुरकुर करावी आणि बायकोनं उलट बोलावं, एवढंच. पण ती बोलताना मी तिच्या तोंडाकडं बघायची. असला तोरा तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

“मावशी, लठ्ठ झालीस की गं,” मी चिडवायची.

“खातो की मी. कोण मोजायला बसलंय हितं?” ती म्हणायची. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलताना खातो-जातोच म्हणतात.

आण्णा मात्र तिला इंदूच म्हणायचे. महिना विचारला तर सांगायचे, कालव्याची पाळी कधी सुटणार ते सांगायचे, पण आईचं मरण काही त्यांच्या डोक्यात उतरलं नव्हतं.

माघात आम्ही तिघं तपासणीला मिरजेला गेलो. आण्णांना सिस्टर बाहेर चालवत होती, आणि आम्ही दोघी डॉक्टरांसमोर. त्यांनी नवा स्कॅन पाहिला.

“चालणं झकास आहे. पण पाणी अजून हवं तेवढं जात नाही,” ते म्हणाले. “पोकळ्या अजून फुगलेल्याच आहेत. झडप आणखी थोडी मोकळी करून बघता येईल. कदाचित डोकंही साफ होईल. पण फार पाणी गेलं तर मेंदू आत बसतो, कडेनं रक्त साकळू शकतं. धोका थोडा आहे, पण आहे. चालण्यावर समाधान असेल तर आहे तसंही ठेवता येईल.” मग ते मावशीकडं वळले. “काकू, तुम्ही चोवीस तास त्यांच्याजवळ असता. ते आहेत तसे सुखात आहेत का? तुम्ही सांगा, काय करायचं.”

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. डोकं साफ झालं तर आण्णांना इंदू मेल्याचं कळणार होतं. आणि समोर बसलेली बाई कोण, तेही कळणार होतं. आहे तसं ठेवलं तर आण्णा चालते-फिरते, हसते-खेळते राहणार होते, आणि मावशीला घर राहणार होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

“मावशी, घाई नको करूस,” मी म्हणाले. “राहू दे हवं तर.”

‘मावशी’ ऐकून डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं.

“मी इंदू न्हवं, डॉक्टर,” मावशी म्हणाली. “इंदूची भन हाय मी, धाकटी. इंदू श्रावणातच गेली. तुम्ही करा. मोकळी करा ती झडप.”

डॉक्टरांनी स्कॅन बाजूला ठेवला. मग त्यांनी आण्णांना आत बोलावलं, कानामागं ते चुंबकाचं यंत्र धरलं आणि फिरवलं. ना आवाज, ना दुखणं. एवढ्यात झालंसुद्धा.

“दार उचललं काय?” आण्णांनी विचारलं.

“उचललं, काका.”

“किती?”

“थोडंच.”

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी नेहमीसारखी गावी गेले. आण्णा सोप्यात चष्मा लावून पेपर वाचत बसले होते. मला बघून त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

“उजे, बस हितं,” ते हळू आवाजात म्हणाले. “शालन कधीपास्नं हाय आपल्याकडं?”

“श्रावणापासून.”

“इंदू गेली न्हवं?”

“होय, आण्णा.”

“मी होतो काय तिथं?”

“तुम्हीच अग्नी दिलात.”

“मला आठवत न्हाई,” आण्णा म्हणाले. “उजे, मला कायबी आठवत न्हाई गं.” आणि ते रडायला लागले. हे रडणं मी पूर्वी पाहिलं होतं, पण तेव्हा ते रडून विसरायचे. आता ते विसरणार नव्हते. ते मला एकेक विचारत गेले आणि मी सांगत गेले. कसं गेली, काय बोलली, दहाव्याला कोण कोण होतं. पाडव्याचं मी गाळणार होते, पण ते म्हणाले, “आणि शालन मला अहो का म्हणती? काल हाक मारली तिनं. मला वाटलं, हिला झालंय तरी काय.” मग तेही सांगितलं.

आण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “अरं देवा,” म्हणाले. “काय करून घेतलं मी त्या बाईकडनं!”

मावशी स्वयंपाकघरातच होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार. ती चहा घेऊन बाहेर आली, कप आण्णांपुढं ठेवला आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली. पदर नीट डोक्यावर घेतलेला.

“भाऊजी, चहा,” ती म्हणाली.

आण्णा उभे राहिले. आयुष्यभर ते तिला शालन, अगं शालन, असंच म्हणत आले होते. धाकटी मेहुणी, थट्टेचं नातं. आता त्यांनी तिच्यापुढं हात जोडले.

“शालनताई, तुमचं लई उपकार झालं आमच्यावर,” ते म्हणाले. “म्या शुद्धीत नव्हतो. काय वंगाळ बोललो असंन, वागलो असंन, पोटात घाला. आता तुमच्या जिवाला तरास नको. भावाला मी फोन करतो.”

ते तिला घालवत नव्हते. त्यांच्या परीनं ते तिची अब्रू राखत होते. तेवढा सरळ माणूस होता तो. मला त्यांचा राग आला आणि रागवायला जागाच सापडेना.

“फोन कशाला, भाऊजी,” मावशी म्हणाली. “एसटी हाय की. मी जातो माझा माझा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. आण्णा दारापर्यंत आले, नमस्कार केला आणि आत वळले. आत गेल्यावर ते आईच्या फोटोसमोर बसून राहिले होते, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. स्टँडवर फारसं कुणी नव्हतं. आम्ही बाकावर बसलो.

“माझ्याकडं चल सांगलीला,” मी म्हणाले. “भावजयीच्या हाताखाली पुन्हा कशाला?”

“नको गं. पोरीच्या घरात मावशी किती दिवस खपंल?”

“मग का म्हणालीस डॉक्टरांना ‘करा’ म्हणून? मी नको म्हणत होते. तुला कळत होतं न्हवं, काय होणार ते?”

“कळत होतं की.” ती रस्त्याकडं बघत होती. “उजे, ते मला इंदू म्हणायचं तवा मला बरं वाटायचं. लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मी इंदू असंस्तवर खऱ्या इंदूला कोण रडणार? जलमभर त्यांचं केलं तिनं, आणि तिच्या माणसाला ती मेल्याचं ठावं न्हाई. माझी भन हाय ती. तिचं तेवढंबी मी खायचं व्हय?”

मी तिचा हात धरून बसले. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि ती पिशवी घेऊन उठली.

“काल रडलं न्हवं ते?” तिनं विचारलं. “नीट रडलं?”

“रडले, मावशी. अजून रडतायत.”

“बरं झालं.” गाडी आली. तिनं पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि माझ्याकडं वळली. “मला पहिल्यांदा रांडपण आलं तवा समदं गाव आलं हुतं रडायला. आता कुणाजवळ रडू, ते तेवढं सांग गं उजे.”

कंडक्टर म्हणाला, “चला मावशी, आत व्हा.” ती आत गेली.